हरवलेला माणूस आणि छाटलेली शिरे

काही माणसांचे आयुष्य त्यांच्या शेवटानेच गिळून टाकलेले असते. जिम थॉम्पसन हा अशांपैकी एक. २६ मार्च १९६७ रोजी, ईस्टरच्या रविवारी दुपारी, मलेशियातील कॅमेरून हायलंड्स या थंड हवेच्या ठिकाणी तो मित्रांच्या बंगल्यातून बाहेर पडला आणि परतलाच नाही. सिगारेटी मागे राहिल्या, दुखण्यावरच्या गोळ्याही मागे राहिल्या. पोलीस, सैनिक, जंगलाचा कानाकोपरा जाणणारे ओरांग अस्ली वाटाडे आणि अखेरीस अतींद्रिय दृष्टीचा दावा करणारे महाभाग, अशा सर्वांनी रान पिंजून काढले. हाती काही लागले नाही. तेव्हापासून वाघ, अपघात, साम्यवादी, हेरखाते अशा नाना तर्कांचे पीक येत राहिले आहे आणि त्यावर पुस्तकांचे व चित्रपटांचेही.

या कोड्यात मला रस नाही असे म्हणणे खोटे ठरेल. जंगलात विरून गेलेला, एकसष्ट वर्षांचा, रेशमी कपड्यांचा धनी कोणाला आवडणार नाही? माझी तक्रार एवढीच, की या कोड्यापायी त्या आयुष्याचा मधला आणि खरा मोलाचा भाग वाचलाच जात नाही. चरित्र या वाङ्मयप्रकाराचे हे जुने दुखणे आहे. शेवट नाट्यमय असला की चरित्रकार पहिल्या पानापासून त्याच्याकडे धावू लागतो आणि आधीचे सारे काही त्या शेवटाची पूर्वसूचना होऊन बसते. थॉम्पसनच्या बाबतीत या धावपळीत जे हरवले, तो एक प्रश्न आहे. जपणारा आणि घेणारा हे दोघे एकाच देहात नांदत असतील, तर त्या माणसाला आपण काय म्हणायचे?

प्रथम थोडा वृत्तांत, तोही भरभर. जेम्स हॅरिसन विल्सन थॉम्पसनचा जन्म २१ मार्च १९०६ रोजी अमेरिकेतील डेलावेअर राज्यात ग्रीनव्हिल येथे झाला. वडील कापडधंद्यातले, सधन. हे लांबलचक नाव आईच्या वडिलांचे. ते अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेले घोडदळाचे सेनापती. प्रिन्स्टनची पदवी १९२८ सालची. पुढे वास्तुशास्त्राचा अभ्यास केला, तो पुरा न करताच न्यूयॉर्कमध्ये धनिकांची घरे रेखाटली, 'बॅले र्‍यूस द माँटे कार्लो' या नृत्यसंस्थेच्या कारभारात भाग घेतला. थोडक्यात, वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत हा एक रुचिसंपन्न, मिलनसार आणि फारसे काही न केलेला गृहस्थ होता. अशा माणसांना युद्ध सापडते तेव्हा ती बऱ्याचदा सुटकेचा निःश्वास टाकतात. थॉम्पसन १९४० मध्ये सैन्यात गेला आणि पुढे ओएसएस या युद्धकालीन हेरसंघटनेत दाखल झाला. उत्तर आफ्रिका, युरोप आणि मग सिलोन. तेथून त्याला थायलंडमध्ये गुप्तपणे उतरवण्याची योजना होती. पण तो तेथे पोचण्यापूर्वीच जपानने शरणागती पत्करली.

या ठिकाणी जरा थांबले पाहिजे. युद्धातून परतलेल्या माणसाबद्दल आपण बोलतो तेव्हा त्याच्या जखमांविषयी बोलतो. युद्धाने त्याला काय मिळवून दिले हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. थायलंडच्या सरकारने जानेवारी १९४२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्याविरुद्ध युद्ध पुकारले होते. वॉशिंग्टनमधील थाई राजदूत सेनी प्रामोज यांनी त्या घोषणेला साथ देण्याचे नाकारून 'मुक्त थाई' चळवळीची एक बाजू उभी केली, देशात प्रीदी फानोमयोंग यांनी दुसरी. त्या पुण्याईवर थायलंड पराभूतांच्या रांगेतून बाहेर आला खरा. पण १९४५ सालच्या बँकॉकमध्ये अमेरिकन गणवेशाला जो मान होता, तो विजेत्याचा होता. थॉम्पसन त्या गणवेशात आला. ओळखी झाल्या त्या मंत्र्यांशी, राजघराण्यातल्या मंडळींशी, ईशान्येकडील तरुण राजकारण्यांशी. खिशात डॉलर होते आणि शहर विकायला बसले होते. पुढे त्याने जे काही केले ते कर्तबगारीने केले, पण प्रवेशपत्र युद्धाने दिले होते.

वैवाहिक आयुष्य १९४६ मध्ये संपले. ओरिएंटल हॉटेलचे पुनरुज्जीवन करणाऱ्या मंडळींत तो काही काळ होता. (याच मंडळींतली जर्मेन क्रुल ही दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील युरोपातली एक अव्वल छायाचित्रकार, तिने पुढे अनेक वर्षे ते हॉटेल चालवले. तिच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.) तेथे पटले नाही, आणि मग त्याला रेशीम सापडले.

बँकॉकच्या सेन सेप कालव्याकाठी बान क्रुआ नावाची वस्ती आहे. येथले लोक चाम मुसलमान. त्यांचे पूर्वज कंबोडियाकडून आलेले, थाई राजाच्या बाजूने लढलेले आणि त्या बदल्यात ही जागा मिळालेले. म्हणजे येथेही मूळ युद्धातच आहे. त्यांच्या घरांतून हातमाग होते. यंत्रावरच्या स्वस्त कापडाने ते बंद पडत चालले होते. थॉम्पसनने या विणकरांना काम दिले, १९४७ मध्ये नमुने घेऊन न्यूयॉर्क गाठले, 'व्होग'च्या संपादिकेसमोर ते पसरले आणि १९४८ मध्ये थाई सिल्क कंपनी उभी राहिली. विणकरांना त्याने कारखान्यात आणले नाही. माग घरातच राहिले, बायका घर सांभाळून विणत राहिल्या आणि वस्तीत पैसा आला. कलेचा आश्रयदाता या शब्दाला काही अर्थ असेल, तर तो येथे आहे. दिवाणखान्यात चित्रे टांगणाऱ्यापेक्षा रोज सकाळी होडीने कालवा ओलांडून मागावरचे कापड बोटांनी चाचपणारा हा माणूस मला अधिक आदरणीय वाटतो.

तरीही 'परंपरेचे पुनरुज्जीवन' हे बिरुद मी त्याला आंधळेपणाने देणार नाही. जे रेशीम जगभर 'प्राचीन थाई रेशीम' म्हणून गाजले, त्यात वनस्पतीजन्य रंगांची जागा पक्क्या रासायनिक रंगांनी घेतली होती. ते भडक गुलाबी, मोरपंखी, नारिंगी एकमेकांशेजारी ठेवण्याची दृष्टी थॉम्पसनची होती. म्हणजे त्याने परंपरा जशीच्या तशी उचलली नाही, ती नव्याने रचली. यात दोष नाही. परंपरा नेहमी अशीच जगते. दोष असलाच तर तो रचणाऱ्याचे नाव झाकून वस्तूवर प्राचीनतेचा शिक्का मारणाऱ्या बाजाराचा आहे.

या रेशमाला जगाचे दार उघडले ते 'द किंग अँड आय' या संगीतिकेने. १९५१ साली ती ब्रॉडवेवर आली आणि आयरीन शराफ या वेशभूषाकार बाईंनी तिच्यासाठी थॉम्पसनचे रेशीम वापरले. आता गंमत पाहा. ही संगीतिका ज्या ॲना लिओनोवेन्सच्या आठवणींवरून झिरपत आली, त्या बाईंनी आपला जन्म वेल्समध्ये, कुलीन घरात झाल्याचे आयुष्यभर सांगितले. प्रत्यक्षात त्या १८३१ साली अहमदनगरात (आजच्या अहिल्यानगरात) कंपनीच्या फौजेतल्या एका साध्या शिपायाच्या घरी जन्मल्या होत्या. हे संशोधकांनी १९७० च्या दशकात उजेडात आणले. नगरच्या मुलीने रचलेले आत्मचरित्र, त्यावरून अमेरिकन लेखिका मार्गारेट लँडन यांनी १९४४ साली लिहिलेली कादंबरी, त्यावरून संगीतिका, आणि त्या नाटकातल्या सियामला खरेपणाचा रंग चढवणारे रेशीम मात्र अस्सल बँकॉकचे! १९५६ सालचा चित्रपट थायलंडमध्ये बंदी घालून अडवला गेला, कारण त्यातले राजाचे चित्रण तेथील लोकांना अपमानास्पद वाटले. ज्या देशाचे कापड अंगावर घालून कथा उभी राहिली, त्याच देशाने ती नाकारली. आत्मचरित्राची विश्वसनीयता हा विषय वर्गात शिकवताना याहून बोलके उदाहरण मला सापडलेले नाही.

१९५९ मध्ये थॉम्पसन आपल्या नव्या घरात राहायला गेला. बान क्रुआच्या समोर, कालव्याच्या दुसऱ्या काठावर, सहा जुनी सागवानी घरे निरनिराळ्या ठिकाणांहून, काही थेट अयुथया भागातून, सुटी करून आणली आणि जोडून एक केली. थाई पद्धतीची ही घरे खुंट्या-खाचांनी जोडलेली असतात. त्यामुळे ती उकलता येतात. मुख्य दालन बान क्रुआतल्याच एका विणकराच्या घराचे. हे घर सुंदर आहे यात वादच नाही. सॉमरसेट मॉमसारखा चोखंदळ पाहुणाही त्यावर खूश होऊन गेला होता.

मात्र त्या दालनातली एक गोष्ट वाचण्यासारखी आहे. थाई घराच्या भिंतींवर खिडक्यांखाली जे कोरीव काम असते, ते बाहेरच्या बाजूला असते. रस्त्याने वा कालव्याने जाणाऱ्यासाठी. थॉम्पसनने येथे भिंती उलट्या बसवल्या. कोरीव बाजू आत आली. मूळ घराने जी शोभा वाटसरूंना दिली होती, ती आता जेवायला बोलावलेल्या पाहुण्यांची झाली. काही खिडक्या बुजवून त्यांचे कोनाडे केले आणि त्यांत मूर्ती ठेवल्या. जेवणाचे मेज म्हणजे राजा चुलालोंगकोर्नच्या काळातली, राजचिन्ह असलेली दोन जुगाराची मेजे. वास्तुशास्त्रज्ञ म्हणून हे सारे चतुर आहे, कदाचित प्रतिभावानही. पण संग्राहकाची नजर म्हणजे नेमके काय, याची व्याख्या द्यायची झाली तर मी त्या उलट्या भिंतीकडे बोट दाखवीन.

संग्रहात काय काय होते? ख्मेर आणि द्वारवती काळातल्या मूर्ती, ब्रह्मदेशातले लाकडी नात देव, वेस्संतर जातकाची कापडावरची चित्रे, निळी-पांढरी चिनी भांडी आणि 'बेंजारोंग' (हा शब्द म्हणजे आपला 'पंचरंग'च, चीनमध्ये खास सियामच्या दरबारासाठी घडवलेली पाच रंगांची भांडी). पाळीव उंदरांसाठी केलेला एक चिमुकला लाकडी महालही त्यात आहे. पुष्कळशी खरेदी नखोन कासेम या बाजारात होई. हे नाव 'नगरक्षेम' या संस्कृत शब्दांचे थाई रूप आणि परदेशी लोक त्या बाजाराला म्हणत चोरबाजार. क्षेमाच्या नावाखाली चोरीचा माल! भाषेलाही कधीकधी विनोद सुचतो. १९५० च्या दशकात थाई अभिजनांना या जुन्या वस्तूंचे फारसे अप्रूप नव्हते, थॉम्पसनने त्या उचलल्या नसत्या तर त्या नष्ट झाल्या असत्या किंवा देशाबाहेर गेल्या असत्या, असे त्याचे समर्थक म्हणतात. भांड्यांच्या आणि कापडी चित्रांच्या बाबतीत मला हे बहुतांशी मान्य आहे.

शिरांच्या बाबतीत मान्य नाही.

मध्य थायलंडमध्ये फेत्चाबून प्रांतात सी थेप नावाचे प्राचीन नगर आहे. नाव ओळखीचे वाटले ना? ते 'श्रीदेव'च. त्याच्या पश्चिमेला खाओ थामोरात डोंगरात एक गुहा आहे आणि तिच्या भिंतींवर द्वारवती काळात, म्हणजे हजारबाराशे वर्षांपूर्वी, बुद्ध आणि बोधिसत्त्व कोरलेले आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यात केव्हातरी चोरट्यांनी या आकृतींची शिरे छाटून नेली. त्यांतली काही बाजारात आली आणि थॉम्पसनने ती विकत घेतली. ती त्याने लपवून ठेवली नव्हती. जाणकारांना तो ती अभिमानाने दाखवी. १९६१ मध्ये थायलंडने प्राचीन वास्तू, पुराणवस्तू आणि वस्तुसंग्रहालये यांविषयीचा कायदा केला. १९६२ मध्ये ललित कला खात्याचे अधिकारी त्याच्या घरी आले आणि शिरे घेऊन गेले. थॉम्पसन कमालीचा दुखावला. आपला सारा संग्रह सियाम सोसायटीला द्यायचा असे त्याने मृत्युपत्रात ठरवले होते. त्याने ते बदलले आणि सर्व काही अमेरिकेतल्या पुतण्याच्या नावे केले.

चरित्रकार विल्यम वॉरन हे थॉम्पसनचे मित्र. त्यांचे पुस्तक गोडीने लिहिलेले आहे आणि या प्रकरणात मित्राच्या दुःखाला त्यांनी जागा दिली, हे स्वाभाविक आहे. जोशुआ कुर्लांझिक यांचे २०११ सालचे चरित्र राजकारणाकडे वळते. थॉम्पसनचे ईशान्येकडील अनेक थाई मित्र १९४७ च्या लष्करी उठावानंतर पोलिसांच्या हातून मारले गेले आणि अमेरिकेने त्याच राजवटीला जवळ केले. त्यामुळे तो आपल्याच देशाच्या धोरणाविषयी कसा कडवट होत गेला, हे त्यात दिसते. दोन्ही पुस्तके उपयोगी आहेत. पण मला वाटते, मृत्युपत्र बदलण्याचा तो क्षण हा या आयुष्याचा कळीचा क्षण आहे आणि तो मित्राच्या किंवा राजकीय भाष्यकाराच्या नजरेने पुरेसा दिसत नाही.

खात्याचे वागणे उद्दाम होते का? असेल. या माणसाने देशासाठी इतके केले आणि त्याच काळात त्याला सरकारी सन्मानही मिळाला, मग त्याच्याशी बोलून, आर्जवाने ती शिरे घेता आली नसती का? आली असती. तरीही खात्याची बाजू बरोबर होती, आणि थॉम्पसनची चूक होती, असे मी स्पष्ट म्हणेन. छाटलेल्या शिराला विकत घेणारा नसता तर ते छाटले गेले नसते. घेणारा रसिक होता, जाणता होता, त्या भूमीवर प्रेम करणारा होता, याने त्या गुहेतल्या धडांना काही फरक पडत नाही. उलट रसिकाचा दोष अधिक, कारण आपण काय हाताळतो आहोत हे त्याला इतरांपेक्षा चांगले कळत होते. प्रेम म्हणजे मालकीचा दाखला, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. म्हणून तर शिरे परत जाताच त्याचे दानही आटले. जे दान अपमानाबरोबर मागे घेता येते, ते देण्यापूर्वीच थोडेसे आपले ठेवलेले असते.

कोणी म्हणेल, हे आजच्या मापाने १९६२ ला मोजणे झाले. पण कायदा १९६१ चा आहे, आणि थाई लोकांनीच केलेला आहे. त्या काळाचे माप थॉम्पसनच्या दारात येऊन उभे राहिले होते.

तुलनेसाठी दुसरा एक माणूस घ्यावा लागतो. डग्लस लॅचफर्ड १९३१ मध्ये मुंबईत एका ब्रिटिश कुटुंबात जन्मला आणि १९५६ मध्ये बँकॉकला स्थायिक झाला. म्हणजे दहा-अकरा वर्षे हे दोघे एकाच शहरात राहत होते. लॅचफर्ड ख्मेर मूर्तींचा जगातला मोठा व्यापारी झाला, त्याने कलाग्रंथ काढले, नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देणग्या दिल्या आणि २००८ मध्ये कंबोडियाने त्याला मानचिन्हही दिले. आश्रयदाता म्हणून तोही मिरवला. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी त्याच्यावर लुटीच्या पुराणवस्तूंच्या व्यापाराचे आणि खोटी कागदपत्रे केल्याचे आरोपपत्र ठेवले. खटला उभा राहण्यापूर्वी २०२० मध्ये तो वारला. पुढे मुलीने त्याचा संग्रह कंबोडियाला परत करण्याचे मान्य केले. त्याच्या हातून गेलेल्या मूर्ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पोचल्या होत्या. त्यांपैकी दोन २०२४ मध्ये थायलंडला परतल्या.

थॉम्पसन आणि लॅचफर्ड यांना एका तागडीत घालणे अन्यायाचे होईल. थॉम्पसनचा संग्रह बँकॉकमध्येच राहिला. त्याच्या पैशाचा स्रोत मूर्तींची विक्री हा नव्हता, रेशीम हा होता. आपले घर तो लोकांना दाखवी आणि त्यातून आलेला पैसा दानधर्माला देई. पण दोघांच्या बाबतीत 'आश्रयदाता' हा शब्द जे काम करतो ते सारखेच आहे. तो शब्द पावती मागू देत नाही. देणाऱ्याने मूळ वस्तू कोठून आणली, हा प्रश्न देणाऱ्याच्या तोंडावर विचारणे असभ्य ठरते, आणि या सभ्यतेचा आडोसा एकाने नकळत घेतला, दुसऱ्याने हिशेबाने. आपल्या वाङ्मयीन व्यवहारातही आश्रयदात्याच्या गौरवग्रंथांना तोटा नाही; त्या ग्रंथांत पैशाच्या उगमाविषयी एखादे प्रकरण असावे असे संपादकांना क्वचितच सुचते. असो.

विणकरांकडे परत येऊ, कारण माझ्या मते थॉम्पसनचा निवाडा करताना शेवटचा शब्द मूर्तींना देऊन चालणार नाही. तो गेल्यावर कंपनी वाढली, विणकामाचे मुख्य केंद्र कोराट पठारावरच्या पाक थोंग चाई येथे गेले आणि बान क्रुआतले माग एकेक करून थांबले. आज तेथे विणणारी घरे अगदी मोजकी आहेत. पण ती वस्ती टिकली. पुढे तिच्यावरून द्रुतगती मार्गाचा फाटा नेण्याचा सरकारी बेत झाला, तेव्हा त्या चाम कुटुंबांनी वर्षानुवर्षे लढून तो रोखला. त्या लढ्याचे श्रेय थॉम्पसनला देणे मूर्खपणाचे आहे. एवढेच म्हणता येईल, की वीसेक वर्षे मागांनी दिलेल्या मिळकतीवर जी घरे उभी होती, ती लढण्याच्या वेळेला तेथे होती. एका काठावर घर सुटे करून पलीकडे नेणारा माणूस, आणि दुसऱ्या काठावर घर न सोडणारी माणसे. कोणी कादंबरीकार असेल तर त्याने जंगलाचा नाद सोडून या कालव्याकडे पाहावे.

१९७४ मध्ये न्यायालयाने थॉम्पसनला कायद्याने मृत ठरवले. १९७६ मध्ये त्या पुतण्याच्याच पुढाकाराने त्याच्या नावाचे प्रतिष्ठान स्थापन झाले आणि घर संग्रहालय म्हणून लोकांसाठी चालू राहिले. म्हणजे रागाने बदललेले मृत्युपत्र शेवटी वळसा घेऊन मूळ हेतूपाशीच आले. सी थेपचे नगर आणि खाओ थामोरातची गुहा २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. थॉम्पसनच्या घरातून नेलेली शिरे बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. गुहेत, भिंतीवर, खांद्यापर्यंतच्या आकृती अजून उभ्या आहेत.